दिव्यांग मुलांचं निवासी शिबिर: "आई सोबत असेल तरच घेऊ" ही अट कशी काढायची?

वेळूबन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी भाची 13 वर्षांची आहे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. पाय ताठर, घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. वाचन भरपूर, बडबड त्याहून जास्त. तीन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातल्या मुली मे महिन्यात एका निसर्गशिबिराला निघाल्या, म्हणून हिनेही फॉर्म आणला. आयोजकांनी नकार दिला नाही. ते एवढंच म्हणाले, "आई सोबत राहणार असेल तर घेऊ." वहिनी बॅग भरायलाही लागली. तेव्हा पोरगी म्हणाली, "आई येणार असेल तर ते शिबिर कसलं? ती आपली सहल झाली." आणि ती गेली नाही.

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. मी, माझा भाऊ, एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण आणि तिच्या ओळखीतली कॉलेजची मुलंमुली, असे मिळून आम्ही गेल्या दोन उन्हाळ्यांत वाईजवळच्या एका शेतघरावर शिबिरं घेतली. 3 रात्री, 4 दिवस. पहिल्या वर्षी 8 मुलं होती, दुसऱ्या वर्षी 12. वयं 10 ते 16. बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी, दोघांना स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न जुळलेला), एक मुलगा अपघातात पाय गमावलेला. पालकांनी मुक्कामाला राहायचं नाही, हा नियम आधी ठरवला आणि बाकी सगळी आखणी त्याला धरून केली.

कारण असं, की आई सोबत आली की आयोजकाला काहीच बदलावं लागत नाही. संडासाला उंबरा असला तर आई उचलते. पंगत जमिनीवर असली तर आई मांडीवर घेऊन भरवते. रात्री कूस बदलायला आईच उठते. शिबिराच्या जागेतल्या सगळ्या पायऱ्या आईच्या पाठीवरून चढल्या जातात, म्हणून त्या कुणाच्या नजरेला येत नाहीत. आई नाही असं ठरलं त्या दिवशी आम्ही त्याच शेतघरावर पुन्हा गेलो, आणि आधी सुंदर वाटलेल्या त्या जागेत मला 14 अडथळे मोजता आले.

तरी पहिल्या वर्षी आमचं चुकलंच. नेहमीच्या शिबिरांचं वेळापत्रक उचललं होतं: 6 ला उठणं, 6:30 ला व्यायाम, ऊन चढायच्या आत फिरणं उरकायचं. प्रत्यक्षात एका मुलाला उठल्यापासून तयार व्हायला दीड तास लागतो. आधी पाय मोकळे करायचे, मग संडास, आंघोळ, स्प्लिंट (हातापायांना बांधायचा आधार), बूट आणि शेवटी खुर्ची. 8 मुलं आणि 2 संडास. शेवटचा मुलगा बाहेर आला तेव्हा सव्वादहा वाजले होते. बाकीची मुलं तासभर खुर्चीत बसून त्याची वाट बघत होती आणि तो रडवेला झाला होता. सहाला उठणं ही शिस्त आपण ज्यांच्यासाठी लिहितो, ती मुलं सहाला उठून सव्वासहाला मैदानात असतात. आमची मुलं आळशी नव्हती. सकाळ किती लांब असते, ते आम्हाला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून लागली. मुलं पाणी पीत नव्हती. ग्लास हातात घ्यायची, ओठाला लावायची, ठेवून द्यायची. माझ्या भाचीनेच शेवटी सांगितलं, "पाणी प्यायलं की शू लागते. मग कुणाला तरी सांगावं लागतं." शाळेत पाच-सहा तास कोरड्या घशाने काढायची सवय या मुलांना लागलेली असते. मे महिन्यात ती सवय घेऊन मुलं उघड्यावर आली तर काय होईल, विचार करा. आता जागा बघायला गेलं की मी खोल्या, झाडं, नदी काही बघत नाही. आधी संडास बघते.

तिसऱ्या शिबिराची तयारी सुरू आहे. माझ्या मनातले प्रश्न: मे महिनाच ठेवायचा का? रात्रीची व्यवस्था अजून पक्की कशी करायची? खेळ कोणते घ्यायचे? आणि फक्त दिव्यांग मुलांचं शिबिर ठेवावं की सगळ्यांचं मिळून? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहा. चुका आहेत तिथे स्पष्ट सांगा.

---

ओळंबा

मी बांधकाम क्षेत्रात आहे. शेतघरांपुरतं सांगतो, कारण सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शिका वाचून लोक घाबरतात आणि "आपल्याच्याने होणार नाही" म्हणून सोडून देतात.

उताराचा हिशोब सोपा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर उतार 18 फूट लांब हवा. लोक तीन पायऱ्यांवर सहा फुटांची फळी टाकतात आणि वर "रॅम्प आहे" असं सांगतात. ती घसरगुंडी आहे, तिच्यावरून खुर्ची मागे उलटते. 18 फूट जागा नसेल तर उतार मध्ये वळवा, आणि वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट ओटा ठेवा. चार दिवसांसाठी जाड प्लायवूड आणि खाली पक्का सांगाडा पुरतो. रंगात वाळू मिसळून हात मारला की ओल्या चाकालाही पकड मिळते. दोन्ही कडांना दोन इंचाची पट्टी ठोका, म्हणजे चाक बाहेर जात नाही.

शेतघरांच्या न्हाणीघरांची दारं बहुतेक सव्वादोन फुटांची असतात. मोठ्या माणसाची साधी व्हीलचेअर दोन फुटांच्या थोडी वर भरते. दार उघडल्यावर त्याची जाडी आडवी येते आणि तेवढ्यासाठी खुर्ची अडते. अशा वेळी दार बिजागरीतून काढून ठेवा आणि जाड पडदा लावा. इंच-दीड इंच जागा मिळते. मात्र बाहेर कुणीतरी राखणीला हवं, नाहीतर मुलांची लाज जाईल. दार ठेवायचं असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं.

भारतीय पद्धतीच्या संडासावर मधोमध भोक असलेली कमोड खुर्ची बसते. तिच्या पायांना रबरी बूच आहेत का ते बघा. शहाबादी फरशी ओली झाली की साबणासारखी होते. भिंतीला हाताची दांडी लावताना ती नुसत्या टाइलवर नको, मागच्या विटेत पक्की बसवा. मूल तिच्यावर सगळं वजन टाकणार आहे.

अंगणात खडी असेल तर ती उचला. मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करून चार फुटी वाट केली तर चाकं छान चालतात. निदान खोली, संडास, जेवणाची जागा आणि झाडाखालचा पार या चार ठिकाणांना जोडणारी वाट तरी हवीच.

---

चाकावरून

19 वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडलो. छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअर. वेळूबनताई, तुमचा पहिलाच प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

ज्यांच्या मणक्याला वरच्या भागात इजा आहे, त्यांना इजेच्या खाली घाम येत नाही. शरीर थंड करायची आमची यंत्रणाच बंद पडलेली असते. तुम्हाला घाम फुटतो तेव्हा आमचं अंग नुसतं तापत जातं. आधी डोकं जड होतं, मग सुचेनासं होतं, आणि बाजूच्या माणसाला वाटतं हा दमलाय. म्हणून अशी मुलं असतील तर फवाऱ्याची बाटली, मानेवर ओला पंचा आणि दुपारी 11 ते 5 सावलीत पंख्याखाली, ही ऐषआराम समजू नका. ते औषध आहे.

खरं तर मे महिनाच का, हा प्रश्न विचारायला हवा. "उन्हाळी शिबिर" हा शब्द शाळेच्या सुट्टीवरून आला. सुट्टी दिवाळीतही असते. मे ठेवायचाच असेल तर वाईचा घाट चढून पाचगणीला जा, तिथली हवा बरीच सुसह्य असते. टेबल लँड दिसायला सपाट आहे, पण जांभ्या दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर पुढची लहान चाकं अडकतात. आधी स्वतः जाऊन एक खुर्ची फिरवून बघा.

अजून एक. उन्हात उभी ठेवलेली खुर्ची तव्यासारखी तापते. संवेदना नसलेल्या मांडीला चटका बसला तरी मुलाला कळत नाही, संध्याकाळी फोड दिसतो. गरम ताट मांडीवर घेऊ देऊ नका. शेकोटीच्या पुढच्या रांगेत बसवाल तर पायांकडे कुणीतरी लक्ष ठेवा.

हत्यारं: पंप, पंक्चरचं सामान, एल-की चा संच. साध्या व्हीलचेअरच्या मागच्या चाकाला बहुधा सायकलची 24 इंची ट्यूब चालते, दोन जास्तीच्या घेऊन जा. माझ्या एका मित्राची सहल पंक्चरमुळे संपली, तीही पहिल्याच दिवशी.

---

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट. वर आलेलं सगळं बरोबर आहे. वैद्यकीय बाजूच्या, फॉर्ममध्ये सहसा न विचारल्या जाणाऱ्या गोष्टी लिहिते.

स्पायना बिफिडाच्या बऱ्याच मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची अ‍ॅलर्जी असते. लहानपणापासून अनेक शस्त्रक्रिया आणि कॅथेटर (लघवीसाठी घालायची नळी) झालेले असतात, त्यातून ती येते. शिबिरात स्वागताला फुगे लावतात! फुगे, रबरी हातमोजे, रबरबँड, सगळं बाजूला ठेवा. ही अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते.

स्नायू सैल करायला बॅक्लोफेन घेणारी मुलं असतील तर गोळी एकही वेळ चुकवायची नाही. अचानक बंद झाली तर त्रास गंभीर होतो. औषधांचे दोन संच मागवा, एक मुलाजवळ आणि एक मुख्य पेटीत. फिट येणारी मुलं असतील तर पाण्यात एकास एक माणूस, आणि तो काठावर उभा नको, पाण्यात हवा.

चाकावरूनदादांसारखी वरच्या भागातली इजा असेल तर एक धोका सगळ्या मदतनिसांना पाठ हवा. लघवी तुंबली, कॅथेटरची नळी दुमडली किंवा पट्टा फार आवळला, तर रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. अशा वेळी आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे आणि पट्टे सैल करा, नळी बघा, मूत्राशय रिकामं करा आणि लगेच डॉक्टर गाठा.

उचलण्याबद्दल. मदतनिसांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मुलं यायच्या आधी घ्या, पहिल्या दिवशी मुलांवर शिकू नका. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदे दुखावतात. आधी खुर्चीचे ब्रेक, मग "उचलू का?" हा प्रश्न, मग उत्तर ऐकणं, मग उचलणं. मोठ्या मुलांना दोघांनी उचलायचं, किंवा खुर्ची आणि पलंग एका उंचीवर आणून गुळगुळीत फळीवरून सरकवायचं. कुणाच्याही खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही. ती त्यांच्या शरीराचा भाग आहे.

मुलींच्या पाळीचा विषय फॉर्ममध्ये मोकळेपणाने विचारा. 12-13 वर्षांच्या मुलींच्या आया केवळ या एका कारणासाठी मुलींना पाठवत नाहीत.

---

साधीआई

मी सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात. दोन वर्षांपूर्वी चालणं थांबलं. वेळूबनताई, तुमचं "आईच्या पाठीवरून" हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. रागावू नका.

रात्री त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याला स्वतः वळता येत नाही. हाक तो हळूच मारतो, आवाज मोठा निघत नाही. मी तीन-चार वर्षं सलग एक रात्र झोपलेली नाही. माझा कान झोपेतही जागा असतो. 20 वर्षांचा कॉलेजचा मुलगा, दिवसभर उन्हात दमलेला, रात्री तीनला ती हाक ऐकेल? आम्ही आया मुलांना बांधून ठेवतो असा सूर नेहमी असतो. आम्हाला बांधून ठेवायचं नसतं. आम्हाला खात्री हवी असते, आणि ती आजवर कुणी दिलेली नाही.

---

वेळूबन

साधीआई, तुमचा राग रास्त आहे. मी सूर तसा लावला असेन तर माफ करा.

रात्रीचं सांगते. पहिल्या वर्षी आम्हीही "हाक मार, आम्ही आहोत" इतकंच ठेवलं होतं. पहिल्या रात्री एका मुलीने हाक मारली आणि कुणीही उठलं नाही. सकाळी तिने सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं सांगितलं. मला त्या दिवशी घास गेला नाही.

दुसऱ्या वर्षीपासून रात्रपाळीची माणसं वेगळी असतात. त्यांना दिवसा काम नाही, ती दुपारी झोपतात. रात्री दोघं जागी, एक बाई आणि एक पुरुष, खोलीच्या आत दिवा मंद करून. एक वही असते. 11, 1, 3, 5 अशा वेळा, समोर मुलाचं नाव, कुठल्या कुशीवर आहे ते आणि सही. मुलाने हाक मारायची गरजच नाही, माणूस वेळेला येतो. शिवाय उशाशी दाबायची घंटी असते, ओठाने दाबली तरी वाजेल अशी. सकाळी ती वही आम्ही पालकांना फोटो काढून पाठवतो.

कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहत नाही. आंघोळ, कपडे आणि संडासाला मदत करणारी व्यक्ती मुलाने आधी स्वतः निवडलेली असते.

---

पारावरचा

माझं वय 61. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), हातात काठी.

शाळेची सहल म्हटली की मला एकच आठवतं. गडाच्या पायथ्याशी गुरुजी म्हणाले, "तू इथे बस, सगळ्यांच्या चपला सांभाळ." चाळीस जोड चपला आणि मी. चार तास. कुणीतरी वरून करवंदं आणून दिली. गुरुजी प्रेमळ होते, त्यांना वाटलं आपण पोराला कामही दिलं आणि जपलंही. त्या चार तासांबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही. माझ्या बायकोलाही हे आज इथे वाचून कळेल.

म्हणून सांगतो, शिबिरात "बघणारा" अशी जागाच ठेवू नका. जिथे एक मूल वर जाऊ शकत नाही ते ठिकाण वगळा. रायगडाला 1996 पासून रोपवे आहे, पण वर पोहोचल्यावर पायऱ्या आहेतच. पाळणा आहे म्हणून गड सुगम झाला असं समजू नका.

दुसरं. मदतनीस सगळे धडधाकट आणि घेणारे सगळे दिव्यांग, असं शिबिर नको. निदान एक-दोन आयोजक आमच्यातले हवेत. मुलांनी मोठं झालेलं, नोकरी करणारं, संसार असलेलं, व्हीलचेअरवरचं माणूस कधी पाहिलेलंच नसतं. 1985 च्या डिसेंबरात बाबा आमटे कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान घेऊन निघाले. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नव्हतं, गाडीत आडवं पडून त्यांनी तो प्रवास केला. पुढे चालायला पायच लागतात असं कुणी सांगितलं? मला या शिबिरात कामाला घ्या. आकाश दाखवीन मी.

---

मैदानी

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. खेळांबद्दल लिहितो.

बोचा माहीत नसेल तर जरूर शिकून घ्या. 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि मुळात तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंसाठी वाढलेला खेळ आहे. 6 लाल चेंडू, 6 निळे, एक पांढरा. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू पोहोचवायचा. ज्याला फेकता येत नाही तो घसरणीच्या पन्हळीतून सोडतो आणि पन्हळ कुठे धरायची ते सांगतो. घरी मोज्यात चिंचोके भरून, शिवून, रंगवून चेंडू होतात. आमच्या शाळेत चालत्या-फिरत्या मुलांनाही याचं वेड लागलंय, आणि त्यात जिंकतो तो पायाने अधू असलेला मुलगा. डोकं चालवावं लागतं ना.

लगोरी टेबलावर रचा. पळण्याऐवजी चाकं फिरवून खुणेला शिवायचं. पाण्यात मात्र बहुतेक मुलं मोकळी होतात, वजन नाहीसं होतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा मुलांना. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण.

पाय गमावलेल्या मुलाचा जयपूर फूट असेल तर तो चिखलात, पाण्यात चालतो. तो अनवाणी चालणाऱ्या आणि शेतात काम करणाऱ्या माणसासाठीच घडवलेला आहे. परदेशी बनावटीचे महागडे पाय मात्र आधी विचारल्याशिवाय भिजवू नका.

---

कोकणकडा

सिंधुदुर्गातून लिहितोय. एक गोष्ट कुणी बोललं नाही: विंचू आणि साप. शेतघर, मे महिना, जमिनीवर अंथरूण. संवेदना नसलेल्या पायाला विंचू डसला तर मूल ओरडणारच नाही. आमच्याकडचा लाल विंचू जीव घेतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखले ते कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून झोपायला खाट, खाली लोंबणारी मच्छरदाणी नीट खोचलेली, आणि सकाळी कॅलिपरचे बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे का, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. गेल्या वर्षी होती, यावर थांबू नका.

कधी समुद्रावर आणायची असतील तर ओहोटीची वेळ बघून या. कोरड्या वाळूत चाक रुततं, पण ओहोटीनंतरची ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, तिच्यावर साधी खुर्चीही चालते. प्रश्न फक्त मधल्या पन्नास पावलांचा असतो. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये पाण्यापर्यंत लाकडी वाट बांधली. दोन आठवड्यांत मंडूस चक्रीवादळाने तिचं नुकसान केलं. पण त्या दोन आठवड्यांत किती तरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा लाटेला पाय लावला. आपल्याकडे काथ्याच्या रुंद चटया अंथरून तेवढंच काम चार दिवसांपुरतं होतं.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीत राहते. इथल्या दिव्यांग मुलांच्या शिबिरांत पाच उन्हाळे स्वयंसेवक होते. सोयी इथे भरपूर आहेत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत तर पाण्याच्या बागेत न्यायला बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या व्हीलचेअर आहेत.

पण मला सांगायचंय ते आईच्या अटीबद्दल. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत 1951 ते 1977 कॅम्प जेनेड नावाचं शिबिर होतं. जागा साधी, पैसा तुटपुंजा. पण तिथे मुलं आईवडिलांशिवाय राहत. रात्री गप्पा मारत: घरचे आपल्याला कसे वागवतात, शाळेत का घेत नाहीत, लग्न होईल का. जे प्रत्येकाला आपल्या एकट्याचं दुःख वाटत होतं, ते सगळ्यांचं निघालं. ज्युडी ह्यूमन त्याच शिबिरातली. तिला लहानपणी शाळेने व्हीलचेअरमुळे प्रवेश नाकारला होता. 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत दिव्यांगांनी तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला, त्यात ती पुढे होती, आणि जेनेडमधली आणखीही मुलं होती. 1990 चा अमेरिकेतला दिव्यांग हक्कांचा कायदा त्याच पिढीच्या रेट्याने आला.

म्हणून "वेगळं की एकत्र" या प्रश्नावर माझं मत वेगळ्याच्या बाजूने आहे. वर्षभर प्रत्येक ठिकाणी ही मुलं एकटीच असतात. वर्गात एक, सोसायटीत एक. चार दिवस तरी सगळी सारखी असू देत.

---

पारावरचा

हडसनकाठताई, पटतं आणि नाहीही. माझ्यापुढे चपला काढून वर गेलेले माझे वर्गमित्र होते. त्यांना कुणी शिकवलं नाही म्हणून ते वर निघून गेले. ते आता साठीचे आहेत आणि आजही त्यांना कळलेलं नाही. शिबिर एकत्र असतं तर कदाचित कळलं असतं.

---

चाकावरून

यात कायदाही लक्षात घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायची. म्हणजे शाळेने काढलेल्या शिबिरात घेणं हे उपकार नाहीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा न ठेवता बंधनकारक करायला केंद्राला सांगितलं. वेळूबनताईंचं शिबिर वेगळं असू दे, पण त्यामुळे शाळांना "त्यांच्यासाठी तिकडे सोय आहे" म्हणायची वाट मिळू नये.

---

वेळूबन

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी भाऊ-वहिनीबरोबर आणि मुख्य म्हणजे भाचीबरोबर बसून सगळा धागा मोठ्याने वाचला. काही निर्णय झाले.

शिबिर मे महिन्यातून दिवाळीच्या सुट्टीत नेतोय. चाकावरूनदादा, हे दोन वर्षांपूर्वी का सुचलं नाही? "उन्हाळी" हा शब्द इतका तोंडात बसला होता की त्यावर शंकाच आली नाही. जागा बदलणार. दुसऱ्या वर्षी 12 मुलं 2 संडासांत बसवताना जीव मेटाकुटीला आला, आता चार मुलांमागे एक हवाच. सुट्टीत रिकाम्या असणाऱ्या दिव्यांग संस्थांच्या वसतिगृहांत चौकशी करते आहे. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी उभ्या केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डसारख्या संस्थांनी व्हीलचेअरवरून जगणाऱ्यांच्या अनुभवातूनच काम उभं केलंय. आपण प्लायवूड ठोकत बसण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकलेलं बरं.

सकाळ मोकळी. कार्यक्रम 10 ला सुरू, तोवर ज्याचं त्याचं आवरू दे. जो आधी तयार होईल त्याला बोचाचं मैदान खुलं. मोठा कार्यक्रम संध्याकाळी आणि रात्री. आकाशदर्शन खाटांवर आडवं पडून, सगळ्यांनी, मदतनिसांनीही. आडवं पडल्यावर कोण चालतं आणि कोण नाही ते ओळखूच येत नाही, हे गेल्या वर्षी एका मुलाचं वाक्य आहे. पारावरचे काका, आकाश तुमच्याकडे. मानधन नाही, येण्याजाण्याची गाडी आमची.

वेगळं की एकत्र, यावर भाचीचं मत असं: 12 दिव्यांग मुलं, आणि प्रत्येकाने हवा असेल तर एक मित्र आणायचा. भावंडं आली तर पाहुणे म्हणून, मदतनीस म्हणून नाही. मदत करणं त्यांच्या नशिबी वर्षभर असतंच. मला ते मान्य आहे.

साधीआई, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. पालकांनी मुक्कामाला राहायचं नाही हा नियम आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्या मुलाच्या आईने जवळपास कुठेही राहावं, दहा मिनिटांच्या अंतरावर. तुमचा फोन रात्रपाळीच्या वहीवर पहिल्या ओळीत असेल. शिबिराच्या आधी एक रात्र आमचा रात्रपाळीचा मुलगा तुमच्या घरी येऊन राहील आणि तुम्ही कूस कशी बदलता ते तुमच्याकडून शिकेल. तुमच्या मुलाला रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल तर तेही सांगा. इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या जोडीला जनरेटर भाड्याने घेऊ.

फॉर्ममध्ये "रात्री" असा रकाना आहे. हवा तेवढा मोठा करा.

---

साधीआई

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तू खरंच येणार नाहीस ना?" आणि हसला.

डाव्या कुशीवर ठेवताना दोन गुडघ्यांच्या मध्ये लोड लागतो, नेहमीचाच, दुसरा चालत नाही. तो सोबत देईन. उजव्या कुशीवर कान दुमडत नाही ना ते बघावं लागतं. तीनच्या सुमारास पाणी मागतो, चमच्याने द्यायचं. फॉर्म भरायला घेतलाय. रात्रीच्या रकान्याची तीन पानं झाली, पहाटेचं अजून लिहायचंय.